नाचाच्या नाटकाचा सिनेमा होताना टाळीची जागा कुठे जाते?

रंगपिठावरची (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबण लागली तर सांभाळून घ्या.

मी नाशिकची. कथक शिकता शिकता एकांकिकांत शिरले, मग राज्य नाट्य स्पर्धेची धावपळ, मग स्वतःचाच ग्रुप. आज आम्ही बावीस जण आहोत, त्यातले सहा ढोलवाले. चार वर्षांपूर्वी आम्ही एक नाटक बसवलं. गाणी नऊ, आणि नाच इतका की तालमीला येणाऱ्या पोरांचे बूट महिन्याला फाटायचे. विषय रहाडीचा. नाशिकबाहेरच्यांसाठी सांगते: जुन्या नाशकात काही चौकांत जमिनीच्या पोटात पेशवाईपासूनचे हौद आहेत, त्यांना रहाड म्हणतात. वर्षभर त्यावर लाकडं आणि माती टाकून ती बुजवलेली असतात. नवखा माणूस वरून चालत जातो, त्याला पत्ता नसतो. रंगपंचमीला रहाड उघडायची, पूजा करायची, फुलं उकळून केलेला रंग त्यात ओतायचा, आणि मग काठावरून अंग झोकून द्यायचं. त्या उडीला धप्पा म्हणतात. धप्पा जेवढा जोरात, तेवढा रंग लांब उडतो.

नाटकातला चौक आम्ही मनाने रचलेला. तिथली रहाड कैक वर्षं बुजलेली आहे, ती नेमकी कुठे होती हे फक्त एका म्हातारीला आठवतंय आणि ती काही केल्या सांगत नाही. बाकी गोष्ट इथे फोडत नाही.

तर रंगमंचावर आमची रहाड म्हणजे काय होती? एक लाल कापड. आठ बाय आठ फूट, चार पोरींनी चार कोपरे धरलेले. उडी मारणारा कापडाच्या आड पडायचा, पोरी कापड झटकायच्या आणि त्याच क्षणी ढोल बंद. चार मात्रा काही नाही, पाचवीला म्हातारीचा आवाज. त्या चार मात्रांत टाळी यायची. नाशकातल्या कालिदास आणि साईखेडकर या नाट्यगृहांत आली, एकदा तालुक्याच्या गावी पत्र्याच्या शेडमध्ये प्रयोग केला तिथेही आली. मी ती टाळी नाचात धरूनच बसवलेली आहे.

आता एक निर्माते भेटलेत (नाव नको). म्हणाले, सिनेमा करू, नाच भरपूर ठेवा, पण "नाटक वाटता कामा नये". अठरा दिवसांचं शूटिंग. मी लगेच हो म्हटलं आणि तेव्हापासून झोप उडालीय. त्यांना दाखवायला म्हणून कालिदासच्या प्रयोगाचं मागच्या रांगेतून केलेलं चित्रीकरण लावलं. मला ते बघवलं नाही. प्रयोगात बावीस माणसांनी अख्खा चौक भरायचा. पडद्यावर तीच बावीस माणसं लग्नाच्या हॉलमध्ये लवकर येऊन बसलेल्या पाहुण्यांसारखी दिसत होती. आणि त्या चार मात्रा! टाळीचा आवाज माइकने नीट घेतलेला नव्हता. नुसती शांतता. वाटलं, कुणीतरी ओळ विसरलंय.

कापड ठेवायचं की खरी रहाड दाखवायची? खऱ्या गल्लीत माणसं नाचायला लागली तर ती येडी नाही का दिसणार? आणि टाळीची ती जागा, तिचं काय करायचं? ज्यांनी असलं काही केलंय किंवा नुसतं बघितलंय, त्यांनी मनमोकळं लिहा.

पायरीवरचा_बोका

वाचतोय. धागा लांब चालणार असं दिसतंय, मिसळ मागवून बसतो.

कात्री

ताई, मी मूळ सिडकोचा, आता मुंबईत संकलन करतो. तुमचा प्रश्न वाचला आणि हातातलं काम ठेवून आलो.

नाटकात मान प्रेक्षकाची फिरते. बावीस माणसं नाचत असली तरी तो बघतो एकीकडे, उरलेली त्याच्या डोळ्याच्या कडेला असतात आणि त्या कडेमुळेच चौक भरल्यासारखा वाटतो. कॅमेऱ्याला अशी कड नसते. तुमचं चित्रीकरण पोकळ दिसलं ते त्यामुळे. नाच वाईट नव्हता.

गल्लीत माणसं नाचायला लागली तर येडी दिसतील का, हा प्रश्न 'वेस्ट साइड स्टोरी'वाल्यांनाही पडला होता. नाटक १९५७ चं, नृत्य आणि दिग्दर्शन जेरोम रॉबिन्सचं. सिनेमा १९६१ चा. सुरुवात बघा. आधी आकाशातून न्यूयॉर्क दिसतं, अगदी सरळ खाली बघणारा कॅमेरा, रस्ते, इमारती. मग उतरत उतरत एका मैदानावर येतो आणि तिथे पोरं नुसती उभी असतात, चुटक्या वाजवत. मग चालतात. चालताना एकाचा हात जरा जास्त उघडतो. पुन्हा चालणं. मग एक गिरकी, पुन्हा चालणं. नाच कधी सुरू झाला ते बोट ठेवून सांगता येत नाही. तुम्हाला नेमकं हेच लागेल. रहाड खणणारी पोरं आहेत ना नाटकात? कुदळीचा ठेका आधी कामाचा असू द्या. त्याचा ताल व्हायला दोन मिनिटं घ्या. घाई करू नका.

याच सिनेमातली धोक्याची गोष्टही सांगतो. रॉबिन्स सहदिग्दर्शक होता, पण त्याच्या तालमी आणि पुन्हा पुन्हा घेतलेले टेक यात वेळ आणि पैसा इतका गेला की त्याला शूटिंगच्या मधेच काढलं. उरलेला सिनेमा रॉबर्ट वाइजने पुरा केला. सिनेमाला १० ऑस्कर मिळाली, त्यातलं दिग्दर्शनाचं दोघांच्या नावावर. तुमचे अठरा दिवस आहेत. लक्षात ठेवा.

टाळीबद्दल: पोझ धरून थांबणं सोडून द्या. मी तर नाचाची शेवटची हालचाल पुरी व्हायच्या आतच कापतो. हात वर जातोय, पोचायच्या आत पुढचा प्रसंग. प्रेक्षकाच्या अंगातली ती उरलेली हालचाल पुढच्या प्रसंगात वाहून जाते.

रंगपिठावरची

कात्रीदादा, मनापासून आभार. कुदळीचा ठेका ऐकून अंगावर काटा आला, कारण नाटकात तो आहे पण आम्ही तो आठव्या सेकंदालाच ढोलात विरघळवलाय. शेवटची हालचाल कापायची हे मात्र पटायला जड जातंय.

ऑर्गनवाले_आजोबा

मुली, तुला ते जड जातंय ते बरोबरच आहे. मी संगीत नाटकाला चाळीसेक वर्षं ऑर्गनची साथ केली. हात पोचूच दिला नाही तर सम, म्हणजे तालाच्या आवर्तनाची पहिली मात्रा, कुठे पडायची? आपला प्रेक्षक समेला मान टाकणारा आहे. ती मान अर्ध्यात अडकवून तुम्ही पुढचा प्रसंग लावलात, तर तो प्रसंग दहा सेकंद कुणी ऐकणार नाही.

पण एक कबूल करतो. आमच्या वेळी गाण्याने गोष्ट थांबायची आणि ती थांबावी यासाठीच लोक यायचे. 'शाकुंतल' १८८० साली आलं तेव्हा त्यात दोनशेच्या आसपास पदं होती. मागच्या पिढीतले लोक सांगायचे की प्रयोग पहाटेपर्यंत चालत, वन्समोर तीन-तीनदा. वन्समोर म्हणजे काय, तर प्रेक्षक सांगतोय की गोष्ट राहू दे, हे परत कर. सिनेमात वन्समोर घ्यायची सोय नाही. सिनेमावाले पदं कापतात त्यात त्यांची चूक नाही, त्यांच्या हातातलं हत्यारच निराळं.

आता 'कट्यार काळजात घुसली' घे. नाटक १९६७ चं, दारव्हेकरांचं, संगीत अभिषेकीबुवांचं, खाँसाहेब वसंतराव. सिनेमा २०१५ चा. जुन्या पदांतली काही ठेवली, काही नवी केली आणि ते लोकांनी डोक्यावर घेतलं. का चाललं? गवयांची गोष्ट आहे. ते गातात तेव्हा समोर मैफल बसलेली असते, दाद द्यायला माणसं चित्रातच हजर. टाळी पडद्याच्या आत मिळते. तुझ्या गोष्टीत ती सोय आहे का, ते बघ. रंगपंचमीला माणसं गच्चीवर, गॅलरीत उभी असतात की.

जाता जाता, आपल्या नाशिकच्याच कानेटकरांचं 'लेकुरे उदंड जाहली' आठव. १९६६ चं. त्यात पात्रं बोलता बोलता सुरात जातात, पुन्हा बोलण्यावर येतात, पद असं वेगळं उभं राहत नाही. कात्रीबुवा ज्या चालण्याच्या नाचाचं कौतुक करतायत ते आपल्याकडे गाण्यात करून झालेलं आहे. न्यूयॉर्कला जायची गरज नव्हती.

कात्री

आजोबा, न्यूयॉर्कला नाही गेलो, माहीमला बसूनच बघितला. :) समेचा मुद्दा मात्र डोक्यात ठेवतो. पण मी समेवर कापू नका असं म्हणत नाही. सम कुठल्या चित्रावर पडावी, एवढंच विचारतोय.

खरं_बोलू_का

कुणी राग मानू नका, पण नाचाचा सिनेमा आज कोण बघणार? तीस सेकंदांची रील लोक बघतात, त्यात नाचच असतो. तिकीट काढून दोन तास नाच बघायचा तर गोष्ट हवी. आणि गोष्ट असेल तर नाच कशाला?

फाळक्यांच्या_गावचा

@खरं_बोलू_का, तुमच्या "नाच कशाला" वर एक नाशिकचंच उत्तर आहे, आणि ते शंभराहून जास्त वर्षं जुनं आहे.

दादासाहेब फाळके 'राजा हरिश्चंद्र' मुंबईत करून नाशकात आले आणि पाठोपाठ १९१३ मध्येच 'मोहिनी भस्मासुर' केला. हरिश्चंद्रात तारामती पुरुषाने केली होती, कारण बाई मिळेना. मोहिनीला मात्र कमलाबाई गोखले उभ्या राहिल्या आणि त्यांची आई दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या. दोघी नाटक मंडळीतल्या. म्हणजे रंगमंचावरून कॅमेऱ्यापुढे यायचा रस्ता पहिल्यापासून आपल्या गावावरून गेलाय.

आता त्या कथेत नाच काय करतो बघा. ज्याच्या डोक्यावर हात ठेवेल तो भस्म, असा भस्मासुराला वर. मोहिनी नाचते, तो तिची नक्कल करतो. तिचा हात कमरेवर, त्याचा कमरेवर. तिचा खांद्यावर, त्याचा खांद्यावर. शेवटी ती स्वतःच्या डोक्यावर हात ठेवते. संपलं. नाच काढला तर गोष्टच उरत नाही, आणि सिनेमा मुका होता, गाण्याचा आधारही नव्हता.

धागाकर्तीताई, तुमच्या नऊ गाण्यांना हीच चाळणी लावा. जो नाच काढल्यावर गोष्ट जशीच्या तशी चालते, तो नाच सिनेमात ओझं आहे.

खरं_बोलू_का

हे पटलं. मागे घेतो. निम्मं.

जर्सीतला_पंचवटीकर

पंचवटीतून इकडे आलो त्याला वीस वर्षं झाली. इथे नाटकं भरपूर बघतो, त्यांचे सिनेमेही. "माणसं मधेच का नाचतात" याला दोन उत्तरं मी पाहिली.

बॉब फॉसीने १९७२ मध्ये 'कॅबरे' केला. मूळ नाटक १९६६ चं, त्यात पात्रं घरीदारी गात होती. फॉसीने बहुतेक गाणी क्लबच्या स्टेजवरच ठेवली. बाहेरचं असं एकच गाणं, बिअरच्या बागेत, एक गोड चेहऱ्याचा पोरगा गायला उठतो आणि कॅमेरा खाली आला की दंडावर नाझींची पट्टी दिसते. एकेक करून सगळी बाग उभी राहून गायला लागते. स्टेज नाही, नर्तक नाहीत, आणि अख्ख्या सिनेमात तेच गाणं घाबरवतं. बाकी सगळीकडे नियम पाळला म्हणून तो मोडल्यावर बसला.

दुसरं 'शिकागो'. फॉसीचंच १९७५ चं नाटक, सिनेमा २००२ मध्ये रॉब मार्शलने केला. तिथे नाच नायिकेच्या डोक्यात चालतात. बाहेर तुरुंग, आत रंगमंच. एका क्षणी दोन्ही एकमेकांत कापलेले.

तुमची म्हातारी आठवणीत जगते ना? नाच तिच्या डोक्यातला असेल तर लाल कापड चालून जाईल की. तिला रहाड तशीच आठवते. आणि शेवटी खरी रहाड उघडते तेव्हा खरं पाणी, खरा रंग.

अवांतर: रंगपंचमीला तिवंधा चौकातल्या रहाडीत मारलेल्या धप्प्याने कानात गेलेला रंग मला इथे येईपर्यंत पुरला होता.

रंगपिठावरची

पंचवटीकर दादा! कापड आठवणीतलं, रहाड आजची. हे माझ्या डोक्यात कसं आलं नाही? फक्त एक भीती आहे. "हे सगळं तिच्या डोक्यात" म्हटलं की तिथे काहीही चालतं आणि मग कशालाच वजन राहत नाही. नाटकात कापड सगळ्यांना दिसायचं, एकट्या म्हातारीला नाही. बघते विचार करून.

टिपरू

काय भो, सगळे नाचावर बोलतायत, ढोलाचं कुणी बोला की. मी नाशिक ढोल वाजवतो, लग्न, मिरवणुका, दोनदा सिनेमातही. तिथे आमची जी फजिती झाली ती ऐका.

नदीच्या पात्रालगत गाणं होतं. स्पीकर एका टोकाला, नाचणारे शंभरेक मीटरमध्ये पसरलेले. डायरेक्टर ओरडतोय, मागचे लेट आहेत, मागचे लेट आहेत. मागच्यांना शिव्या. पोरं रडकुंडीला आली. मग साउंडवाल्या काकांनी सांगितलं: आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. ३४ मीटरवर उभ्या माणसाला ठोका दशांश सेकंद उशिरा कळतो, शंभर मीटरवर सेकंदाचा पाव हिस्सा उलटून गेलेला असतो. मिनिटाला १२० ठोक्यांची लय असेल तर एक ठोका अर्ध्या सेकंदाचा. म्हणजे शेवटची रांग अर्धा ठोका मागे. पोरांची काही चूक नव्हती, ती बरोबर ऐकून बरोबर नाचत होती.

उपाय तीन केले. स्पीकर वाढवून जवळजवळ लावले. पुढच्या चार जणांना कानात छोटे रिसीव्हर दिले. आणि आमचा जो जुनाट उपाय आहे तो: ऐकू नका, बघा. पुढारी टिपरू वर करतो, ते खाली येताना दिसलं की मारा. मिरवणुकीत लांब रांग असते तेव्हा आम्ही डोळ्यानेच वाजवतो.

आणखी एक. शूटिंगला खरा ढोल खरा वाजवू नका. गाणं आधी स्टुडिओत रेकॉर्ड करा, लोकेशनला ढोलाच्या पानावर आतून कापड लावून नुसती हालचाल करा. नाहीतर गल्लीतल्या भिंतींवरून आवाज असा उलटा येतो की नाचणाऱ्याला स्वतःचे घुंगरूही ऐकू येत नाहीत.

कात्री

टिपरूभाऊ, सोनं लिहिलंत. दशांश सेकंद म्हणजे चोवीस फ्रेमच्या हिशेबाने अडीच फ्रेमच्या आसपास. पाय जमिनीला लागणं आणि ठोका यात दोन फ्रेमचा फरक असला तरी बघणाऱ्याला नाच ढिला वाटतो, का ते त्याला सांगता येत नाही. मी आठवडे घालवलेत अशा दोन फ्रेम सरकवण्यात.

हिशोबनीस

नाचाचे सिनेमे आणि जाहिराती यांचं प्रॉडक्शन सांभाळलंय, म्हणून कडू बोलतो. माझ्या अनुभवात धड तालीम झालेला ग्रुप असेल तरी दिवसाकाठी दीड-दोन मिनिटांचा नाच पक्का हाती लागतो. नऊ गाणी सरासरी चार मिनिटांची धरली तर छत्तीस मिनिटं. म्हणजे अठराच्या अठरा दिवस नाचातच गेले, म्हातारी बोलणार कधी? फाळक्यांच्या गाववाल्यांची चाळणी लावा आणि पाच गाण्यांवर या. पैकी दोन नुसती गाणी असू द्या, नाच नको.

पैसे कॅमेऱ्यावर उधळण्याआधी पायांवर खर्च करा. रंगमंचाच्या लाकडाला स्प्रिंग असते. गल्लीतल्या काँक्रीटला आणि घाटाच्या काळ्या दगडाला नसते. दिवसाला पंधरा टेक, रोज, म्हणजे चौथ्या दिवशी नडग्या बोलायला लागतात. नी-पॅड, कपड्याखाली लपतील असे. सेटवर फिजिओ. दुपारी बारा ते तीन अनवाणी नाच नाही, दगड तापतो. भिजलेल्या पायरीवर उडी नाही, शेवाळ असतं.

सिंहस्थाची कामंही चालू आहेत, घाटावर आज मोकळी दिसलेली जागा महिन्याने तशीच असेल याची खात्री धरू नका. परवानगी लेखी घ्या आणि खरी रहाड दाखवायची असेल तर त्या चौकातल्या मानकऱ्यांच्या घरी आधी स्वतः जा. माणूस पाठवू नका.

घाशीरामी

लाल कापडाबद्दल एक. घाशीराम (१९७२) आम्ही पोरवयात पाहिलं. त्यात ब्राह्मणांची रांग हाच पडदा होता. गात, डुलत, पाठ फिरवली की मागचं सगळं झाकलं, बाजूला झाली की उघड. माणसांनी झाकायचं आणि माणसांनी दाखवायचं. सिनेमात झाकाझाकीचं काम फ्रेमची चौकट फुकटात करते, म्हणून तसली माणसं बेकार होतात. तुमच्या कापड धरणाऱ्या चार पोरी सिनेमात काय करणार? त्यांना काम द्या नाहीतर काढा. चौघींना नुसत्या कोपरे धरून उभ्या करू नका.

ऑर्गनवाले_आजोबा

आणि चेहऱ्याचं काय? बैठकीची लावणी आणि फडाची लावणी यात जो फरक तोच इथे. बैठकीत बाई बसूनच भुवईने सगळं सांगते, समोर दहा माणसं. फडात शेवटच्या माणसापर्यंत पोचायचं म्हणून अंग लागतं. सिनेमात प्रत्येक प्रेक्षक बैठकीत पहिल्या रांगेत बसलेला असतो. तुझ्या पोरींनी फडाचे चेहरे केले तर पडद्यावर त्या किंचाळल्यासारख्या दिसतील.

कात्री

या एका वाक्यासाठी आजोबांना माझ्याकडून साष्टांग. पण चेहरे जवळून घेताना पाय जातात हेही सांगा. फ्रेड अ‍ॅस्टेअरचा आग्रह असायचा की नाचताना तो डोक्यापासून पायापर्यंत अख्खा दिसला पाहिजे आणि मधे कापाकापी कमीत कमी. कथकच्या तत्कारात तर पाय कापले की उरलं काय? पायांचा वेगळा क्लोजअप लावतात, मला तो कायम चपलांच्या जाहिरातीसारखा दिसतो.

रंगपिठावरची

मंडळी, तीन आठवडे गायब होते. तुमचं सगळं छापून तालमीच्या भिंतीवर लावलं आणि मागच्या रविवारी पहाटे चाचणी केली. सहा वाजता, गोदाघाटावर, फोनवर. बारा जण आणि आमची म्हातारी (ती खरंच चौसष्टची आहे आणि सगळ्यांत आधी हजर होती).

आधी कापड. नाटकात केलं तसंच समोरून घेतलं. पोरकट दिसलं, सरळ सांगते. खऱ्या दगडांपुढे कापड फक्त कापड होतं. मग एकाला फोन घेऊन पुलावर पाठवला, खाली बघत. आणि काय सांगू! समोरून ज्या रांगा सुंदर दिसायच्या त्या वरून केराच्या रेषेसारख्या दिसल्या, पण कापडाची झटक, जी कालिदासच्या एकाही प्रेक्षकाने वरून पाहिली नव्हती, ती पाण्यावर उठणाऱ्या वलयासारखी दिसली. घाशीरामीकाका, पोरींना काम मिळालं. त्या आता कोपरे धरून पळतात, कापड कधी उभं, कधी आडवं, आणि ते शेवटपर्यंत स्थिर होत नाही.

कुदळीचा ठेका दोन मिनिटं चालवला. खरंच चालतो. त्या दोन मिनिटांत घाटावर आलेली एक बाई कपडे आपटत होती आणि तिची आपटणी हळूहळू आमच्या तालात आली. तिला कुणी सांगितलं नव्हतं. आम्ही नाचतोय की खणतोय असं तिने विचारलंही नाही.

गाणी सहावर आणलीत. पाच होईनात. हिशोबनीसदादा, ओरडा खायला तयार आहे.

आता टाळी. शेवटचा धप्पा, ढोल बंद (टिपरूभाऊ, आतून कापड लावलेलं, फक्त फोनच्या स्पीकरवर गाणं). दोन प्रकार केले. पहिला कात्रीदादांचा, हालचाल पुरी व्हायच्या आत थांबवून पुढच्या प्रसंगावर. घरी जोडून बघितला, वेग छान, पण आजोबा म्हणाले तसं मान अडखळली. माझी, माझ्या आईची, दोघींची. दुसरा प्रकार: हालचाल पुरी होऊ दिली, पण सम पडते तेव्हा चित्रात नाचणारा नाही, म्हातारीचा चेहरा. तिने काही करायचं नाही, बैठकीत बसल्यासारखं नुसतं बघायचं. चार मात्रा तिच्या.

त्या चार मात्रांच्या मधोमध घाटावरचा चहावाला किटली घेऊन थेट फ्रेममध्ये आला, म्हातारीकडे बघितलं आणि विचारलं, "झालं का?"

ती भूमिकेतून तसूभर हलली नाही. म्हणाली, "कुठलं व्हायला. आत्ता तर उघडलीय."

पाचव्या मात्रेला नाटकात तिचं एक पल्लेदार स्वगत होतं. ते मी काढलंय.

कात्री

चहावाला ठेवा. त्याला बदलू नका. नट घेऊ नका त्याच्या जागी.

ऑर्गनवाले_आजोबा

सम चेहऱ्यावर पडली ना. मग झालं. स्वगताचं वाईट वाटतंय, पण सांगून फायदा नाही.

टिपरू

पुढच्या रविवारी ढोल घेऊन येऊ का? आणि त्या चहावाल्याचं मानधन काय ठरलं?

रंगपिठावरची

ये. सहाला, पण घाटावर नाही, तालमीच्या जागी. आणि जुने बूट घाल, पायरीची तालीम आहे. चहावाल्याने पैसे घेतले नाहीत. शूटिंगचे सगळे दिवस चहा आपल्याकडूनच घ्यायचा, दुसरा कुणी आणायचा नाही, असं त्याने निर्मात्यांना फोनवर सांगून टाकलंय.